सैतानाच्या नाकावरील लोहमार्ग

एक्वादोर देशातील समुद्रकाठचे ग्वायाकिल आणि डोंगरमाथ्यावरील राजधानी कीतो यांच्यामध्ये अँडीज पर्वत आडवा आहे. ही दोन शहरे साडेतीन फुटी लोहमार्गाने जोडावयाचीच, असा ध्यास राष्ट्राध्यक्ष एलोय आल्फारो यांनी घेतला. ‘सैतानाचे नाक’ म्हणविणाऱ्या कड्यावर वळणास जागाच नव्हती. म्हणून एकदा पुढे, एकदा मागे अशी गाडी चढवावी लागे. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातील वाफेची इंजिने तिला ओढीत. जमैकाच्या कित्येक मजुरांनी येथे प्राण वेचले. २५ जून १९०८ रोजी पहिली गाडी कीतोस पोहोचली. जानेवारी १९१२ मध्ये याच मार्गाने बंदिवान आल्फारोंना राजधानीत आणण्यात आले आणि तेथे जमावाने त्यांची हत्या केली. लोहमार्गाने शहरे जोडली. मने मात्र दुभंगलेलीच होती.