ऑगस्ट १९८३ चे रेडिओ व्हेरिटास

मनिलाच्या रेडिओ व्हेरिटासचे नाव निघाले की फेब्रुवारी १९८६ आठवतो. कार्डिनल हायमे सिन यांनी या कॅथलिक केंद्रावरून हाक दिली, लाखो लोक एड्सा रस्त्यावर उतरले आणि चौथ्या दिवशी फिलिपिन्सचे अध्यक्ष फर्डिनंड मार्कोस देश सोडून गेले. हकिकत खरी आहे, पण अशा हाकेला माणसे जिवावर उदार होऊन ओ देतात, तेव्हा त्या आवाजावरचा विश्वास आधीच जमलेला असावा लागतो. माझ्या मते तो अडीच वर्षे आधी जमला, आणि केंद्राचा खरा इतिहास तिथे शोधायला हवा.

मूळ योजनेत यातले काहीच नव्हते. आग्नेय आशियातील बिशपांनी १९५८ मध्ये केंद्राचा विचार केला तो मुख्यतः इतर आशियाई देशांपर्यंत पोहोचण्यासाठी; प्रक्षेपण सुरू झाले १९६९ मध्ये. तीन वर्षांतच मार्कोस यांनी लष्करी कायदा लादला आणि बातमीवर सरकारचा पहारा बसला. २१ ऑगस्ट १९८३ रोजी विरोधी नेते बेनिग्नो अॅक्विनो यांची मनिलाच्या विमानतळावर हत्या झाली. दहा दिवसांनी निघालेल्या अंत्ययात्रेला सुमारे वीस लाख लोक लोटले. बहुतेक माध्यमांनी ती जवळपास दडपली. व्हेरिटासने ती ऐकवली. जो त्या गर्दीत चालला आणि घरी येऊन सरकारी बातम्या ऐकत बसला, त्याला खरे कोण बोलते हे वेगळे सांगावे लागले नाही. पुढे १९८६ च्या निवडणुकीत नॅमफ्रेल या नागरी संघटनेची समांतर मतमोजणी लोकांनी याच केंद्रावर ऐकली.

धर्मसंस्थेच्या केंद्राने राजकारणात बाजू घ्यावी का, हा आक्षेप मी हलका मानत नाही. सिन यांची हाक ही बातमी नव्हती, ती बाजूच होती. पण अंत्ययात्रा आणि मतमोजणी या घडलेल्या गोष्टी होत्या. त्या सांगणे हेच जिथे सरकारविरोधी ठरते, तिथे गप्प बसणे म्हणजेही बाजू घेणे.

दुसरा आक्षेप असा की लोक आले ते आर्चबिशप सिन यांच्या अधिकाराला मान देऊन. रेडिओ निव्वळ साधन होता. पण सिन यांनी हाक दिली त्या रात्री बेनिग्नो यांचे भाऊ अगापितो अॅक्विनो यांनीही याच केंद्रावरून लोकांना बोलावले, आणि त्यांच्याकडे कोणतेही धर्मपद नव्हते. शिवाय २३ फेब्रुवारीला सैनिकांनी मालोलोसचा मुख्य प्रक्षेपक फोडला आणि नंतर राखीव प्रक्षेपकही बंद पडला. तेव्हा निवेदिका जून कीथली दुसऱ्या केंद्रातून ‘रेडिओ बंदीदो’ या नावाने बोलू लागल्या. नाव नवे, जागा नवी, तरी कुठे सैन्य निघाले आहे हे त्यांनी सांगताच माणसे तिकडे वळत होती.