भुयार खोटे, वाट खरी

बेलापूरच्या किल्ल्याची दंतकथा नवी मुंबईतल्या जुन्या गावांमध्ये अजून सांगितली जाते. किल्ल्याच्या पोटातून एक भुयार निघते आणि खाडीखालून थेट घारापुरीच्या लेण्यांत उघडते, अशी ही कथा. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलाने परवा विचारले, "ताई, आपण शोधू या का ते भुयार?" मी म्हणाले, शोधू या, पण आधी हिशेब करू.

बेलापूर ते घारापुरी सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटर. मध्ये खाडी. खालचा कातळ काळा बसाल्ट. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे या किल्ल्याचे धनी बदलत गेले, पण छिन्नी-हातोड्याने समुद्राखालून एवढे लांब भुयार खोदणे, त्यात हवा खेळती ठेवणे आणि पाणी थोपवणे यांपैकी कोणालाही शक्य नव्हते. किल्ल्यांवर 'भुयार' म्हणून दाखवतात ते बहुतेक वेळा पाण्याचे टाके, धान्याचे कोठार नाहीतर चोरवाट असते. लेणे तर भुयाराच्या अगदी उलट. डोंगराची उघडी बाजू निवडून, समोरून उजेड घेत, वरून खाली कातळ फोडत ते कोरले जाते. लेण्याचे तोंड उजेडाकडे असते, भुयाराचे अंधाराकडे.

मुलगा हिरमुसला. मी त्याला म्हणाले, भुयार खोटे असेल, पण त्या गोष्टीत एक खरी गोष्ट दडलेली असू शकते. घारापुरीला लोक शैव लेण्यांसाठी जातात, पण त्याच बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. किनाऱ्यावरून कल्याणमार्गे घाटाकडे निघाले की कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याला कोंडाणे, घाट चढला की कार्ले आणि भाजे. सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांतून व्यापारी तांडे देशावर जात, त्याच वाटांच्या आजूबाजूला भिक्खूंचे वर्षावास होते. लेणी एकमेकांना जोडलेली होती, पण भुयाराने नव्हे, वाटेने. माझे मत असे, की वाट विस्मरणात गेली आणि तिच्या जागी भुयार आले.

दुसरी दंतकथा याहून मोठी. महाराष्ट्रात कुठल्याही लेण्यापाशी जा, कोणीतरी सांगेलच की ही पांडवांनी एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धवट राहिले. नाशिकची लेणी तर 'पांडवलेणी' म्हणूनच ओळखली जातात. तिथल्या शिलालेखात मात्र डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, असे कोरलेले आहे. 'लेणे' हा आपला शब्दही शिलालेखांतल्या 'लेण' या प्राकृत शब्दावरूनच आला. शब्द टिकला, डोंगराचे नाव मात्र गेले.

आता शिलालेख काय सांगतात ते पाहा. कान्हेरीला धम्मलिपीत, म्हणजे ब्राह्मीत, कोरलेली दानलेखांची रांगच आहे. त्यांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याची नोंद आहे. कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिल्याची नोंद आहे. कोकणात कुडे लेण्यांत एका माळ्याचे दान आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात दरवाजा घडवणाऱ्या सुताराचे नाव आहे. राजे आणि सावकार आहेतच, पण त्यांच्या शेजारी राबणाऱ्या माणसांची नावे तितक्याच मानाने कोरलेली आहेत.

पांडवांच्या कथेने नेमके काय केले? तिने ही सगळी माणसे पुसून टाकली. कित्येक वर्षांचा घाम एका रात्रीच्या चमत्कारात विरघळला. लोहार गेला, सोनार गेला, माळी गेला, सुतार गेला, आणि उरले पाच राजपुत्र. समाजशास्त्र शिकताना मला कळले ते हे, की दंतकथा नुसती करमणूक करत नाही, ती श्रेयाची वाटणी करते. कोणाचे नाव राहील आणि कोणाचे जाईल, हे ती गुपचूप ठरवते.

म्हणून लेणे हरवते ते डोंगरात नव्हे, नावात हरवते.

'शोधली' हा शब्दही असाच तपासून घ्यावा लागतो. आजच्या रायगड जिल्ह्यातली ठाणाळे आणि खडसांबळे लेणी त्या वेळी भोर संस्थानात होती. रेव्हरंड अ‍ॅबट यांनी १८९० च्या सुमारास ती अभ्यासकांच्या नजरेस आणली आणि १८९१ मध्ये हेन्री कझिन्स यांचा अहवाल आला. त्यांच्या नोंदींचे मोल मोठे आहे, ते नाकारायचे कारण नाही. पण त्या रानात गुरे चारणाऱ्या, मध काढणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना ती लेणी आधी माहीत नव्हती का? त्यांच्या माहितीला कागद मिळाला नाही, एवढाच फरक.

लेण्यांचा शोध आजही संपलेला नाही. २०१५ च्या पाहणीत डॉ. सूरज पंडित यांच्या चमूला कान्हेरीजवळच्या जंगलात सात लेणी नव्याने नोंदवता आली. २०२१ च्या मे महिन्यात नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर पावसाळ्याआधी पाण्याची चर साफ करताना आणखी लेणी उजेडात आली. एकीकडे अभ्यासकांची शिस्त, दुसरीकडे सफाईचे काम. शोध या दोन्हींतून लागतो.

शोधायला जाण्याचा हक्क मात्र आपल्याला फुकट मिळालेला नाही. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, म्हणून 'पाणी बाटवले' असा गिल्ला झाला. ज्या धम्मात सोनाराने दिलेले टाके वाटसरूंची तहान भागवत होते, त्याची लेणी पाहायला जाणाऱ्यांना पाण्यावरून अडवले गेले! हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आज आपली मुले पाण्याची बाटली घेऊन बिनधास्त डोंगर चढतात, त्यामागे हा इतिहास आहे.

आता आपल्या दारातली जखम. पनवेल तालुक्यात वाघिवलीला केरूमातेचे कातळात कोरलेले ठिकाण होते. आगरी-कोळी बांधवांची ती देवी. ही मूळची बौद्ध लेणी आहेत, ती वाचवा, अशी मागणी बौद्ध कार्यकर्त्यांनी लावून धरली. पण जागा विमानतळाच्या हद्दीत होती. उलवे टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले. केरूमातेचा कातळ आता तिथे नाही. ते ठिकाण कोणत्या काळातले, कोणी कोरले, यावर वाद होऊ शकतो आणि व्हावा. पण वाद घालायलाही दगड उरावा लागतो.

इथे आपल्या चळवळीलाही दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, दिसेल त्या भोकाला बौद्ध लेणे म्हणायची घाई करू नका. पांडवांची दंतकथा खोडून आपली दंतकथा बसवली, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? भिक्खूची खोली, निजायचा दगडी ओटा, टाके, स्तूप, अक्षरे, यांपैकी काय दिसते ते आधी पाहा, मगच बोला. दुसरी, देवीशी भांडू नका. कार्ल्याच्या चैत्यापाशी एकवीरा आहे आणि आगरी-कोळ्यांची तिच्यावर जिवापाड माया आहे. वाघिवलीत सुरुंगाने आगरी मावशीची देवी आणि आपला वारसा यांत भेद केला नाही. तिचे आणि आपले नुकसान एकाच स्फोटात झाले. मग लढताना आपण वेगळे का?

त्या मुलाला मी शेवटी एक वही दिली. आजीला, शेजारच्या मावशीला, गुरे चारणाऱ्या काकांना विचार, गावाजवळच्या कोणत्या डोंगरात 'पांडवांची खोली' किंवा 'भुयार' आहे. तारीख टाकून लिहून घे. मग मोठ्यांसोबत जाऊन फोटो काढ, मोजमाप घे, खुणा नोंदव, भिंतीवर स्वतःचे नाव मात्र कोरू नकोस. नोंद पुरी झाली की राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला रीतसर अर्ज करायचा आणि त्याची पोच घ्यायची. १९६० चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, पण ज्या जागेची कुठेच नोंद नाही तिच्या मदतीला कायदा धावत नाही. सुरुंग लागायच्या आधी कागद तयार हवा.

दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या एका लोहाराने डोंगरात वाट बांधून दिली. ती मोकळी ठेवण्याचे काम आता आपले.

जयभीम! नमो बुद्धाय!