हौशी कोण आणि पोटार्थी कोण?

'हौशी' हा शब्द आपल्याकडे किती गोड! दिवसा नोकरी आणि रात्री नाटकाच्या तालमी करणारे ते हौशी. खेळातही तसंच असेल, असं मला अनेक वर्षं वाटायचं. मग स्क्वॉशचा इतिहास वाचला आणि डोळे उघडले.

१९६७ साली ऑस्ट्रेलियात पुरुषांची पहिली आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा झाली. अट एकच, खेळाडू हौशी हवा. म्हणजे खेळातून किंवा खेळ शिकवून पैसे मिळवणारा बाद. ऐकायला छान वाटतं, पण बाहेर कोण राहिलं ते बघा.

पेशावरचे हाशिम खान ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू आणून द्यायचे. पुढे प्रशिक्षक झाले. १९४४ साली आपल्या मुंबईत त्यांनी व्यावसायिकांची अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि १९५१ साली ब्रिटिश ओपन. पण शिकवण्याचा पगार घेतला म्हणून अशी माणसं कागदोपत्री 'व्यावसायिक'. ज्यांच्या घरी चूल आधीच पेटलेली, ते 'हौशी'. नियम खेळाचा, पण भिंत वर्गाची!

पहिल्या चारही स्पर्धा ऑस्ट्रेलियाने जिंकल्या. त्यांचा जेफ हंट थोरच, वैयक्तिक हौशी विजेतेपद त्याने तीनदा मिळवलं. त्याचं श्रेय कमी करायचं नाही. हौशी काळातही १९७७ ला पाकिस्तान जिंकलाच. पण १९८१ पासून ही स्पर्धा सर्वांसाठी खुली झाली आणि पाकिस्तानने लागोपाठ चार वेळा ती जिंकली. जहांगीर खानसारखा खेळाडू होता हे खरंच, पण दार उघडलं हेही तितकंच खरं.

आता आपलं बघू. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुष संघाने पाकिस्तानला २-१ हरवून सुवर्ण जिंकलं. त्या संघात मुंबईचा महेश माणगावकर होता. अभिमान वाटलाच. २०२८ ला स्क्वॉश पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये येतोय.

हौशीची अट गेली, पण भिंत गेली का? कोर्ट बहुतेक क्लबांच्या आत, आणि क्लबाच्या गेटवर सभासदत्वाचं कार्ड. क्लबात काम करणाऱ्या मार्करच्या पोराने खेळायचं कुठे?

तुमच्या गावात, वॉर्डात सगळ्यांसाठी खुलं असलेलं एक तरी स्क्वॉश कोर्ट आहे का? असेल तर खाली जरूर लिहा. नसेल तर पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला दारात आले की विचारा.