बिटाच्या एका बियात रोपे किती?

बिटाचे बी कधी हातात घेतले आहे का? खडबडीत, वेडावाकडा खडाच वाटतो. खरे तर ते एक बी नसतेच. धण्याच्या एका दाण्यात जशा दोन बिया, तसा हा दोन-चार बियांचा चिकटलेला झुबका. पेरला की एका जागी तीन-चार रोपे वर येतात. एक ठेवून बाकीची उपटायची. युरोपात साखर बिटापासून होते. तिथे ही विरळणी पिढ्यान्‌पिढ्या बायका-मुलांनी कंबर मोडेस्तोवर केली.

सोव्हिएत संघातून अमेरिकेत आलेले शास्त्रज्ञ व्ही. एफ. सॅवित्स्की यांना १९४८ मध्ये ऑरेगॉनमधल्या बिटाच्या शेतात एका बियातून एकच रोप देणारी मोजकी झाडे सापडली. त्यांच्यापासून 'एकांकुरी' वाण निघाले आणि विरळणीचा जाच सरत गेला.

पण पोत्यावर 'एकांकुरी' छापले म्हणजे आतले बी तसेच असेल कशावरून? शेतकऱ्याला ते पेरल्यावरच कळणार. घरचे बी राखावे, तर बीट पहिल्या वर्षी कंद धरते आणि दुसऱ्या वर्षी फुलते. कंद कारखान्यात गेला की बी कुठले? दर वर्षी विकतच घ्यायचे, म्हणजे विकणाऱ्यावर भरवसा ठेवणे आलेच.

युरोपीय आर्थिक समुदायाने १४ जून १९६६ रोजी केवळ बिटाच्या बियाण्यासाठी निर्देश काढला. २००२ मध्ये त्याची जागा नव्या निर्देशाने घेतली. त्यातला हिशेब असा: एकांकुरी म्हणायचे तर उगवलेल्या झुबक्यांपैकी किमान ९० टक्क्यांतून एकेकच रोप आले पाहिजे, तीन किंवा अधिक रोपांचे झुबके ५ टक्क्यांहून जास्त नकोत. साखरबिटाच्या अशा बियाण्याची उगवण किमान ८० टक्के, शुद्धता ९७ टक्के. चाऱ्याच्या बिटाचे परागकण वाऱ्याने येऊन साखर बिघडवू नयेत म्हणून बीजोत्पादनाच्या शेतांमध्ये किती मीटर अंतर हवे, तेही ठरलेले. असल्या बारकाव्यांना लोक कागदी घोडे म्हणतात. मला मात्र त्या ९० टक्क्यांत वाकलेल्या पाठी दिसतात.

प्रमाणित पिशवीला निळे लेबल, मूलभूत बियाण्याला पांढरे. आपल्या शेतकऱ्यालाही हे रंग परके नाहीत. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, पायाभूतचा पांढरा. आपला बियाणे कायदाही १९६६ चाच. फरक एवढाच, की युरोपात प्रमाणीकरणाशिवाय बिटाचे बी बाजारात आणता येत नाही, तर आपल्या कायद्याने प्रमाणीकरण ऐच्छिक ठेवले. म्हणून आपल्याकडे निळ्या टॅगशेजारीच 'सत्यप्रत' बियाण्याची पिशवीही विकायला असते. तिच्यावरचे आकडे विकणाऱ्याने स्वतःच लिहिलेले असतात.