रुपयावरची खूण कुणाची?

लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायचे राणीछाप रुपये बऱ्याच घरांत अजून आहेत. सासूकडून सुनेकडे आलेले, फडक्यात बांधून ठेवलेले. अडचण आली की तेच आधी बाहेर निघतात. सोनार ते काट्यावर ठेवतो आणि वजनावर पैसे देतो. मोडीत गेलेला रुपया परत मिळत नाही, म्हणून देण्याआधी तो उजेडात धरून कसा बघायचा, ते आज बोलू.

पेशवाईत रुपया हातानं पाडत. खाली एक ठसा, त्यावर चांदीचा तुकडा, वर दुसरा ठसा, आणि घणाचा घाव. ठसा मोठा आणि तुकडा लहान, त्यामुळे पुण्याच्या अंकुशी रुपयावर फारसी अक्षरं अर्धीमुर्धीच उमटलेली दिसतात. ती चूक नव्हे. तेव्हाचे रुपये असेच असत.

१८३५ मध्ये कंपनी सरकारनं सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया ठरवला. वजन १ तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि १२ भागांत ११ भाग चांदी. वजन इतकं पक्कं की ८० रुपये भार म्हणजे एक पक्का शेर, असं माप चाले. हा रुपया टाकसाळीत यंत्रावर निघे, म्हणून त्याला ‘कलदार’ म्हणत. कल म्हणजे यंत्र. सगळे रुपये सारखे निघू लागले, तेव्हाच एखादा चुकलेला रुपया नजरेत भरू लागला.

चूक कशी होई? पोळी लाटून वाटीनं पुऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली, तर पुरीला चंद्रकोरीसारखी खोक पडते. चांदीच्या पट्टीतून चकत्या कापतानाही तसंच होई. कधी चकती सरकून बसे, मग चित्र एका अंगाला जाई आणि दुसऱ्या अंगाला कोरी चांदी राही. सगळ्यात गमतीची चूक म्हणजे आधीचा रुपया ठशालाच चिकटून राही आणि नवी चकती त्याच्यावर दाबली जाई. अशा रुपयाच्या एका बाजूला राणी नीट, आणि दुसऱ्या बाजूला तीच राणी उलटी, आत खोल गेलेली. साल आणि वेलबुट्टी तिथे नसतेच. पण त्या जागी जुनं चित्र चेपलेलं दिसलं, तर कुणीतरी दोन रुपये पकडीत दाबून ती ‘चूक’ घरी बनवली आहे असं समजा. दोन्ही बाजूंना सारखाच उठावाचा मुखवटा असेल, तर तो बहुधा दोन रुपये कापून जोडलेला असतो. कडेला सांधा शोधा.

एक प्रसिद्ध चूक मात्र यंत्राची नव्हतीच. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या माळेत हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात नाराजी पसरली. सरकारनं बहुतेक रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ पासून सोंड लांब केली. संग्राहक आजही त्याला ‘पिग रुपी’ म्हणतात. घरात १९११ चा रुपया असेल, तर तो बाजूला काढून ठेवा.

रुपयावर बारीक ठोके दिसले तर ते टाकसाळीचे नव्हेत. आत तांबं भरलंय का, हे पाहायला सराफ ते मारत. माळेसाठी डाखलेली कडी किंवा पाडलेलं भोक हे आपल्याच घरचं. अशा रुपयाला संग्राहक कमी मोल देतात. माळ घालणारीच्या लेखी त्याचं मोल निराळं, तो हिशोब मी सांगायला नको.

दिवाळीआधी चिंच-राखेनं रुपये घासू नका, हे मी कळकळीनं सांगते. काळसर थर राहू द्या. तो गेला की वरचे बारीक उठावही झिजतात आणि खरं-खोटं ओळखणं अवघड होतं. आणि १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयात चांदी निम्मीच आहे. राजाछाप आहे म्हणून जुना भाव मिळेल असं धरू नका.

विकायचंच असेल, तर दोन-तीन जाणकारांना दाखवा. फोनवर कुणी लाखोंचा भाव सांगून आधी ‘फी’ मागितली, तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून असे पैसे उकळतात. बँकेनं स्वतःच २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता. आणि रुपये फडक्यातले नसून नांगराच्या फाळाला लागलेल्या हंड्यातले असतील, तर गोष्ट वेगळी. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. ते आधी कलेक्टर कचेरीत कळवावं लागतं, सोनाराकडे नेता येत नाहीत.