अत्याचाराची उशिरा पटणारी ओळख

बालपणी किंवा जवळच्या नात्यात सोसलेला जाच हा अत्याचारच होता, हे अनेकांना वर्षानुवर्षांनी उमगते. छळणारा घरचाच असला की मूल त्याच्यावरच विसंबून असते. त्याला दोषी मानण्यापेक्षा स्वतःला दोष देणे त्या वयात सोपे जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी ‘विश्वासघातजन्य आघात’ या संकल्पनेतून याची मीमांसा केली. ‘शिस्तीसाठीच मारलं’, ‘इतरांचं याहून वाईट झालं’ ही घरात ऐकलेली वाक्ये पुढे माणूस स्वतःलाच ऐकवू लागतो. आठवणी तुटक असणे, घटनांचा क्रम न लागणे, जिन्यात पावले वाजताच पोटात गोळा येणे हे आघातानंतर आढळते. तपशील निसटला म्हणून घटना खोटी ठरत नाही. मात्र सूचक प्रश्नांनी चुकीच्या आठवणीही रुजू शकतात. त्यामुळे जाणता समुपदेशक उत्तर पढवत नाही.

भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळही हिंसेत धरला. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तक्रारीला कालमर्यादा नाही, असे केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केले. जुन्या प्रकरणांत पुरावा जमवणे अर्थातच बरेच कठीण असते.