वीस रुपयांचा हिशेब

देश सुखात आहे की हलाखीत, हे ओळखायचं कसं? आज आपण चटकन दरडोई उत्पन्नाचा आकडा पुढे करतो. वर्षभरात देशात जे पिकलं, घडलं, कमावलं त्याची बेरीज करायची आणि लोकसंख्येनं भागायचं. हा भागाकार हिंदुस्थानासाठी पहिल्यांदा नेटानं मांडला तो एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या एका मुंबईकरानं. त्यांचं नाव दादाभाई नौरोजी.

१८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे दादाभाईंनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यातले आकडे सरकारच्याच अहवालांमधले होते. प्रत्येक इलाख्यात लागवडीखाली जमीन किती, एकरी पीक किती, बाजारभाव काय, हे त्यांनी टिपलं. मीठ, खाणी, कारागिरी यांची भर घातली. उत्तर आलं, माणशी वर्षाला २० रुपये. म्हणजे महिन्याला पावणेदोन रुपयेही नाहीत.

हे करताना त्यांना साहेबांच्या कचेरीतली एक गंमत सापडली. सरासरी काढताना सगळ्या जिल्ह्यांचे आकडे नुसते एकाखाली एक मांडून जिल्ह्यांच्या संख्येनं भागले जात. समजा, एका जिल्ह्यात लाखभर एकर पीक आणि दुसऱ्यात जेमतेम हजार एकर, तरी दोघांचं वजन सारखंच! अशी सरासरी खोटी, हे दादाभाईंनी दाखवून दिलं.

पण त्यांचं खरं मोठेपण पुढच्या पावलात आहे. २० रुपये थोडे की पुष्कळ, हे कशावरून ठरवायचं? त्यासाठी त्यांनी तुरुंगांचे अहवाल उघडले. कैद्याच्या अन्नावर आणि कपड्यावर सरकार वर्षाला किती खर्च करतं, तो आकडा त्यांनी उत्पन्नाच्या शेजारी ठेवला. मुंबई इलाख्यात माणशी उत्पन्न या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी भरलं. गुन्हेगाराला जे पोटाला मिळत होतं, तेवढं राबणाऱ्या रयतेच्या वाट्याला येत नव्हतं.

आणि हेही सरासरीनं. वरच्या थरातले लोक आपला मोठा वाटा आधी उचलतात, त्यामुळे गरिबाच्या हाती २० रुपयेसुद्धा पडत नाहीत, असं दादाभाईंनी तेव्हाच बजावलं होतं. सरासरीच्या ताटात कुणीच जेवत नाही. कुणाचं ताट भरलेलं असतं, कुणाचं रिकामं.

सरकारलाही मग हिशेब मांडणं भाग पडलं. १८८२ साली एव्हलिन बेअरिंग आणि डेव्हिड बार्बर यांनी हा आकडा २७ रुपये काढला. १९०१ साली लॉर्ड कर्झननी तो ३० रुपयांवर गेल्याचं सांगितलं. म्हणजे प्रगतीच! पण या दोन आकड्यांच्या मधल्या काळात १८९६-९७चा आणि १८९९-१९००चा, असे दोन भीषण दुष्काळ पडून गेले होते. गावंच्या गावं अन्नासाठी बाहेर पडली, लाखो माणसं मेली. कागदावरची सरासरी मात्र तीन रुपयांनी वर चढली होती. दादाभाईंचा दारिद्र्यावरचा मोठा ग्रंथही त्याच १९०१ सालचा.

पुढे अमेरिकेत सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा शास्त्रशुद्ध हिशेब तिथल्या सिनेटपुढे ठेवला. राष्ट्राचं कल्याण या एका आकड्यावरून क्वचितच ताडता येतं, हा इशारा त्यांनी तिथंच दिला. स्वतंत्र भारतात १९४९ साली महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. तिच्यात पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते. १९९० साली महबूब उल हक यांच्या पुढाकारानं मानव विकास अहवाल निघाला. त्यानं उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण आणून बसवलं.

आज एकूण उत्पन्नात भारत जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांमध्ये मोडतो. माणशी हिशेब केला की तोच भारत शंभराव्या क्रमांकाच्याही पलीकडे जातो. दोन्ही आकडे खरे आहेत. भागाकार टाळून नुसत्या बेरजेवर फुशारणं बरं नव्हे, आणि भागाकार करून तिथंच थांबणंही पुरेसं नाही. दादाभाईंनी उत्पन्नाच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आखला होता. माणसाला जगायला किती लागतं, याचा. वर्तमानपत्रात दरडोई उत्पन्नाची बातमी येईल तेव्हा तो दुसरा रकाना आपण मागायला हवा. एवढ्या पैशात डाळ किती येते, दवाखाना परवडतो का, मुलीची शाळा सुटत तर नाही ना?